‘कन्फर्म’ म्हणण्याआधी

२२ मे २०२५ या दिवशी आयआरसीटीसीवर एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली. तोवरचा हा उच्चांक होता. आकडा वाचून छाती दडपते खरी, पण त्याला साठाने भागून पाहा: सेकंदाला ५३०. आणि गंमत इथेच सुरू होते. पोस्टग्रेस नावाचा एक उत्तम डेटाबेस फुकट मिळतो. तो एखाद्या बऱ्यापैकी लॅपटॉपवर टाकला आणि त्याच्यासोबत येणारी चाचणी चालवली, तर सेकंदाला काही हजार छोटे व्यवहार तो सहज करून दाखवतो. म्हणजे नुसत्या हिशोबाने बघितलं तर अख्ख्या देशाची तत्काळ तिकिटं कॉलेजातल्या पोराच्या लॅपटॉपवर निघायला हवीत. मग सकाळी दहाच्या ठोक्याला स्क्रीनवरचं ते चक्र इतका वेळ का फिरत बसतं? आणि रेल्वेला नवी यंत्रणा उभारायचा एवढा खटाटोप कशासाठी करावा लागतो?

डेटाबेसचा सर्व्हर आखणाऱ्या माणसाचं जवळजवळ सगळं काम या विसंगतीत येऊन जातं. ती उलगडायची तर आधी एका तिकिटाच्या मागे लागायला हवं.

स्क्रीनवर ‘कन्फर्म’ उमटलं की डेटाबेसने तुम्हाला शब्द दिलेला असतो. पुढच्याच क्षणी वीज गेली, मशीन जळालं, ऑपरेटिंग सिस्टिम कोसळली, तरी तुमचा बर्थ तुमचाच. असा शब्द नेमका कधी देता येतो आणि त्याआधी यंत्राने काय काय उरकलेलं असायला हवं, या प्रश्नावर जिम ग्रे या अमेरिकन संशोधकाने उमेदीची वर्षं घालवली. १९९८ सालचं ट्युरिंग पारितोषिक त्याला मुख्यतः त्याच कामासाठी मिळालं. अडचण अशी की संगणक जिच्यात भराभर काम करतो ती रॅम वीज जाताक्षणी कोरी होते. शब्द पाळायचा तर नोंद विजेविना टिकेल अशा जागी पोचायला हवी. आणि ती जागा फार लांब आहे.

किती लांब? तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे सेकंदाचा तीन अब्जांवा भाग. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटिमीटर सरकतो. असले आकडे डोक्यात मावत नाहीत, म्हणून काळ ताणून घेऊ आणि एका नॅनोसेकंदाला एक सेकंद धरू. मग प्रोसेसरला चिकटून असलेल्या कॅशमधून काही आणायला सेकंदभर पुरतो. ओट्यावरचा मिठाचा डबा उचलावा तसं. रॅममधून आणायचं तर शंभर सेकंद, म्हणजे शेजारणीकडून वाटीभर साखर. चांगल्या एसएसडीवरून वाचायचं तर साधारण शंभर मायक्रोसेकंद लागतात, आपल्या ताणलेल्या काळात अठ्ठावीस तास: आज सकाळी निघालेला माणूस उद्या दुपारी परत. आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायचं तर दहा मिलिसेकंद, म्हणजे ११६ दिवस. आषाढीला पाठवलेला माणूस कार्तिकीला उगवणार. अख्खा चातुर्मास प्रोसेसर दाराकडे डोळे लावून बसणार.

‘सर्व्हर स्लो आहे’ अशी ओरड होते तेव्हा प्रोसेसर पुष्कळदा असा हात बांधून बसलेला असतो. म्हणून डेटाबेससाठी मशीन घेताना जाणती माणसं पैसा आधी रॅमवर आणि डिस्कवर खर्च करतात, प्रोसेसरच्या कोअरची संख्या मागाहून बघतात. रॅम किती घ्यायची यालाही एक जुना आणि देखणा नियम आहे. १९८७ साली याच ग्रेने फ्रँको पुत्झोलू या सहकाऱ्याबरोबर बाजारभाव मांडून हिशोब केला: रॅममध्ये जागा अडवून ठेवायला किती पैसे पडतात आणि तीच माहिती डिस्कवरून पुन्हा पुन्हा आणायला किती. उत्तर आलं की दर पाच मिनिटांत एकदा तरी लागणारं पान रॅममध्ये ठेवावं. त्याहून कमी लागणारं डिस्कवर पडू द्यावं. किमती बदलल्या तसा हा पाच मिनिटांचा आकडा नंतर बदलत गेला, पण विचाराची पद्धत कायम राहिली. आजही कुठल्याही चांगल्या आखणीत पहिला प्रश्न ‘एकूण डेटा किती’ हा नसतो. रोजच्या रोज हाताळला जाणारा डेटा किती, हा असतो. दहा वर्षांची जुनी तिकिटं डिस्कवर झोपली तरी चालतील. पुढच्या साठ दिवसांच्या गाड्या मात्र रॅममध्येच हव्यात.

हे झालं वाचण्याचं. लिहिण्याला ही पळवाट नाही, कारण ‘कन्फर्म’ म्हणायचं तर डिस्कपर्यंत जायलाच हवं. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. तबकडीवरची तीच जागा पुन्हा सुईखाली यायला एक फेरी लागते. प्रत्येक तिकिटासाठी एकेक फेरी धरली तर सेकंदाला १२० तिकिटं, संपलं. शिवाय एका तिकिटाने बदलायच्या गोष्टी पाच ठिकाणी विखुरलेल्या असतात: बर्थ, प्रवासी, पैसे, कोट्यातली शिल्लक, पीएनआर. पाचही ठिकाणी सुई नेत बसलं तर सगळंच ओंफस.

यावरचा तोडगा मला अजूनही थक्क करतो. डेटाबेस त्या पाच जागांना लगेच हातच लावत नाही. तो एका वहीत, एकाखाली एक, फक्त काय बदलायचं आहे तेवढं खरडतो. ही वही म्हणजे लॉग. लिहिणं सरळ रेषेत असल्यामुळे सुईला इकडेतिकडे पळावं लागत नाही. लॉगची ओळ डिस्कवर पडली की ‘कन्फर्म’ म्हणून मोकळं व्हायचं. मूळ जागा नंतर सवडीने बदलायच्या. मध्येच वीज गेली तर मशीन पुन्हा उठल्यावर लॉग वाचतं, अर्धवट राहिलेलं पुरं करतं आणि कन्फर्म न झालेलं पुसतं. हे बिनचूक कसं करायचं याची सर्वांत गाजलेली मांडणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. ‘एरीज’ हे तिचं नाव, आणि मुख्य लेखक आयबीएमचे सी. मोहन, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. त्यानंतरच्या कितीतरी डेटाबेसच्या पोटात त्यांचीच विचारसरणी आहे.

त्यावरची दुसरी हुशारी अशी की गर्दी वाढली की काम स्वस्त होतं. एकाच वेळी चाळीस जणांच्या ओळी लॉगमध्ये जायच्या असतील तर त्या एकत्र करून डिस्कला एकदाच सांगायचं. एका फेरीत चाळीस जणांना ‘कन्फर्म’. लॅपटॉपवरचे ते हजारो व्यवहार निघतात ते एसएसडीच्या वेगामुळे आणि या घाऊक लिखाणामुळे.

लॉगचीही एक गोम आहे. पोस्टग्रेस आपला डेटा आठ किलोबाइटच्या पानांत ठेवतो, मायएसक्यूएलचं इनोडीबी सोळाच्या. डिस्क मात्र एका दमात बहुधा चारच किलोबाइट अखंड लिहिण्याची हमी देते. नेमकी त्या दोन दमांच्या मध्ये वीज गेली तर पानाचा वरचा भाग आजचा आणि खालचा कालचा, असं फाटकं पान मागे राहतं. त्यातून लॉगलाही काही सावरता येत नाही. म्हणून इनोडीबी प्रत्येक पान आधी एका राखीव जागी लिहितं आणि मग मूळ जागी. पोस्टग्रेस ठरावीक काळाने अख्खं पानच लॉगमध्ये उतरवून ठेवतो. विकत घेतलेल्या डिस्कच्या वेगातला मोठा वाटा असा कधीतरीच घडणाऱ्या एका क्षणाच्या बंदोबस्तात जातो. नवख्या माणसाला ही सोय बंद करून वेग वाढवण्याचा मोह होतो. फाइल सिस्टिमच तशी हमी देत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्या मोहाला बळी पडू नये.

आता जरा थापेबाजांकडे वळू. डेटाबेस म्हणतो, ‘लिही.’ ऑपरेटिंग सिस्टिम म्हणते, ‘लिहिलं,’ आणि प्रत्यक्षात माहिती स्वतःच्या रॅममध्ये ठेवते. ‘नाही, खरंच डिस्कवर लिही,’ असं सांगायला एफसिंक नावाचा वेगळा हुकूम आहे. तो दिला की डिस्क म्हणते, ‘लिहिलं,’ आणि काही डिस्क तेव्हाही ते स्वतःच्या पोटातल्या छोट्या रॅममध्येच ठेवून असतात. घरगुती एसएसडी आणि सर्व्हरची एसएसडी यांच्या किमतीत जो फरक असतो, त्यातला काही भाग या थापेचा उतारा असतो. सर्व्हरच्या डिस्कवर छोट्या कपॅसिटरांची एक रांग बसवलेली असते. बाहेरची वीज तुटली की त्यांच्यात साठलेल्या विजेवर डिस्क आणखी काही मिलिसेकंद जगते आणि पोटातलं सगळं कायमच्या जागी उतरवूनच डोळे मिटते. पेटीवर वेगाचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. ही गोष्ट बारीक अक्षरांत शोधावी लागते. पण डेटाबेससाठी खरेदी करताना मी आधी तीच शोधेन.

एफसिंकवरचा विश्वासही २०१८ साली डळमळला. पोस्टग्रेसच्या मंडळींच्या ध्यानात आलं की लिनक्सवर डिस्कने लिहायला नकार दिला तर एफसिंक चूक एकदा सांगतं खरं, पण न लिहिलेली पानं लिहिलेली आहेत अशी खूण करून ठेवतं. मग डेटाबेसने शहाण्यासारखा पुन्हा प्रयत्न केला की उत्तर येतं: सगळं ठीक. माहिती मात्र गेलेली. जगभर बँकांपासून दवाखान्यांपर्यंत वापरात असलेला डेटाबेस सुमारे वीस वर्षं एका गैरसमजावर उभा होता. दुरुस्ती म्हणून पोस्टग्रेस आता काय करतो माहीत आहे? एफसिंक फसलं की तो पुन्हा प्रयत्न करतच नाही. सरळ स्वतःला पाडतो, परत उठतो आणि लॉग वाचून सगळं नव्याने लिहितो. कुणाच्याही शब्दावर विसंबण्यापेक्षा मरून उठणं त्याला जास्त भरवशाचं वाटतं.

या सगळ्या यंत्रांना शरीर असतं, हेही आपण विसरतो. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरने डिस्कांनी भरलेल्या कपाटासमोर उभं राहून जिवाच्या आकांताने आरोळी ठोकली. त्याचा व्हिडिओ आजही बघायला मिळतो. शेजारच्या पडद्यावर डिस्कला लागणाऱ्या वेळेचा आलेख चालू असतो आणि आरोळीसरशी त्यावर उंच सुळका उठतो. तबकडीवर शेजारशेजारच्या दोन वर्तुळांमधलं अंतर १०० नॅनोमीटरच्या आसपास असतं. आवाजाच्या थरथरीने सुई तेवढी हलली तरी वर्तुळ चुकतं आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेला याचा जबर फटका बसला. १० सप्टेंबर २०१६ रोजी त्यांच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या यंत्रणेची तालीम होती. पाण्याने यंत्रं बिघडू नयेत म्हणून तिथे निष्क्रिय वायू सोडतात. वायू सुटला तो इतक्या कर्कश आवाजात की हार्ड डिस्कच निकामी झाल्या आणि बँकेची एटीएम, कार्डं, ऑनलाइन व्यवहार सुमारे दहा तास ठप्प राहिले. आगीपासून वाचवायला आणलेल्या वायूने डिस्क मारल्या, त्याही न भिजवता.

एसएसडीत हलणारं काही नसल्यामुळे तिला आरोळीची भीती नाही. पण तिचं आयुष्य लिहिण्यावर झिजतं. म्हणून सर्व्हरच्या एसएसडीवर ‘रोज अख्खी डिस्क किती वेळा भरून लिहिता येईल’ असा आकडा दिलेला असतो, आणि आखणी करताना आपला लॉग रोज किती वाढतो ते त्याच्याशी ताडून बघावं लागतं.

रॅमचा शत्रू तर आकाशातून येतो. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात जे कण सुटतात त्यातला एखादा चिपवर आदळला तर शून्याचा एक होऊ शकतो. बेल्जियममधल्या स्खारबेक इथे २००३ च्या निवडणुकीत मतदानाच्या संगणकाने एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त दिली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, बरोबर एक बिट उलटल्याचा फरक. प्रोग्राम तपासून काही दोष सापडला नाही. संशय अशाच एखाद्या कणावर राहिला. रॅममधल्या चुका वाटतात तितक्या दुर्मीळ नाहीत. गुगलच्या सर्व्हरांवर झालेल्या अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, रॅमच्या आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये वर्षभरात कधी ना कधी चूक आढळली. यावरचा इलाज म्हणजे ईसीसी रॅम. डीडीआर-४ ची पट्टी हातात घेऊन एका बाजूच्या काळ्या चिपा मोजा. साध्या पट्टीवर बहुधा आठ, सर्व्हरच्या पट्टीवर नऊ. नवव्या चिपमधल्या जादा बिटांच्या आधाराने बाकीच्या आठांवर पहारा राहतो: एक बिट उलटला तर तो सुलटा करता येतो, दोन उलटले तर निदान बोंब मारता येते.

एवढं सगळं नीट जमवलं, तरी सेकंदाला ५३० तिकिटं अवघडच राहतात. खरी मेख पुढे आहे. लॅपटॉपवरच्या चाचणीत हजार व्यवहार हजार वेगवेगळ्या जागी होत असतात. तत्काळला लाखभर माणसं एकाच गाडीच्या त्याच थ्री टायर एसीच्या मागे असतात. एलएचबी डब्यात बर्थ ७२, त्यातले तत्काळचे थोडके. एक बर्थ दोघांना जाता कामा नये, म्हणून पहिल्याचं काम संपेपर्यंत डेटाबेस त्या नोंदीला कुलूप लावतो आणि बाकीचे ताटकळतात. इथे प्रोसेसर शंभर असोत की हजार, कुलूप एकच. घाऊक लिखाणाची युक्तीही चालत नाही, कारण पहिल्याचा लॉग डिस्कवर पडेपर्यंत दुसऱ्याला सुरुवातच करता येत नाही. एका व्यवहारासाठी कुलूप दहा मिलिसेकंद बंद राहत असेल, तर त्या कोट्यातून सेकंदाला शंभरच तिकिटं निघणार. कुबेराचा खजिना ओतला तरी शंभरच. ते एक मिलिसेकंदावर आणलं तर हजार.

त्यामुळे आखणीचा सगळा रोख त्या कुलपाच्या वेळेवर येतो. वेगवान डिस्क घ्यायची ती तिथे काही मायक्रोसेकंद वाचावेत म्हणून. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानेही कुलूप असताना नको ती कामं करायची नाहीत. पैसे भरल्यावर तिकीट वेटिंगवर गेलेलं दिसतं तेव्हा आपण बोटं मोडतो, पण आपण ओटीपी शोधत असताना तीस सेकंद बर्थ अडवून ठेवला असता तर मागे उभ्या असलेल्यांचं काय झालं असतं याचा हिशोब कुणीतरी केलेला आहे. बर्थ मिळतो तो पैसे पोचल्यानंतर. प्रवाशाला हे डाचतं आणि डाचणारच. आखणीच्या बाजूने मात्र दुसरा मार्ग जवळजवळ नाही.

रेल्वेच्या यंत्रणेत याचा फार जुना विचार दिसतो. संगणकी आरक्षण १९८५ साली नवी दिल्लीत सुरू झालं. ते सीएमसी या सरकारी कंपनीने बांधलं होतं. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं झाली आणि १९९९ मध्ये ती एकमेकांना जोडली गेली. त्याआधी परतीचं आरक्षण हवं असेल तर तार जायची. जोडणी करताना सगळा देश एका मशीनवर ओतला नाही. गाड्या केंद्रांमध्ये वाटलेल्या राहिल्या आणि खिडकी कुठलीही असो, मागणी त्या गाडीच्या केंद्राकडे जाऊ लागली. कुलपं पाच ठिकाणी विभागली गेली. हैदराबादकडच्या गाडीची गर्दी कोकणच्या गाडीला आडवी येत नाही. अर्थात गणपतीला सगळेच कोकणात निघाले की ही वाटणीही हात टेकते, ते आपण दर वर्षी बघतोच.

तिकिटं काढणाऱ्यांपेक्षा ‘किती शिल्लक आहेत’ म्हणून डोकावणारे कितीतरी जास्त असतात. २०२५ मध्ये रेल्वेने नव्या आरक्षण यंत्रणेचं उद्दिष्ट जाहीर केलं: मिनिटाला ३२,००० तिकिटांवरून दीड लाख, आणि चौकशा ४ लाखांवरून ४० लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. तिकिटांची क्षमता पाच पटींपेक्षाही कमी वाढवायची आणि चौकशांची दहा पट. कारण उघड आहे. चौकशीला कुलूप लागत नाही. शिलकीची नक्कल दहा मशीनांच्या रॅममध्ये ठेवता येते आणि ती दोन सेकंद जुनी असली तरी फारसं बिघडत नाही. २०१४ साली आयआरसीटीसीची क्षमता मिनिटाला २,००० वरून ७,२०० तिकिटांवर गेली, तेव्हाही रॅममध्ये माहिती धरून ठेवणाऱ्या जेमफायर या सॉफ्टवेअरचा आधार घेतलेला होता. डोकावणाऱ्यांना बाहेरच्या बाहेर उत्तर दिलं की आतल्या डेटाबेसला तिकीट काढणाऱ्यांपुरतं मोकळं राहता येतं.

मोकळं राहणं ही चैन नव्हे, याचं गणित शंभर वर्षांपूर्वीचं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर एर्लांग याने १९०९ पासून फोनच्या रांगांवर जे लिहिलं, त्यातून आजचं रांगांचं शास्त्र निघालं. साध्यात साधा दाखला घेऊ. एका कामाला दोन मिलिसेकंद लागतात आणि माणसं जमेल तशी येतात. यंत्र निम्मा वेळ कामात असेल तर सरासरी चार मिलिसेकंदांत सुटका होते. ऐंशी टक्के कामात असेल तर दहा. नव्वदला वीस. पंचाण्णवला चाळीस, आणि नव्याण्णवला दोनशे. यंत्र तेच, काम तेच, फक्त फुरसत संपली. लेखापरीक्षकाला अर्धा वेळ रिकामा बसणारा महागडा सर्व्हर म्हणजे उधळपट्टी वाटते; त्याला हा तक्ता दाखवावा. आणि हे माणसं सुटी सुटी येत असताना. दहाच्या ठोक्याला ती एकदम येतात. म्हणून डेटाबेसच्या दाराशीच आत सोडायच्या जोडण्यांवर मर्यादा घालतात. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र प्रोसेस चालते आणि मूळ मर्यादा शंभरची आहे. ती पाच हजारांवर नेली की सगळे आत येतात आणि एकमेकांच्या पायात पाय अडकवून पडतात. थोडे आत, बाकीचे बाहेर रांगेत, असं ठेवलं तर एकूण काम लवकर उरकतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पटायला वेळ लागला होता.

एक मशीन कितीही चांगलं असलं तरी ते एकाच इमारतीत असतं, आणि इमारती बुडतात, जळतात. म्हणून दुसऱ्या गावी दुसरं मशीन. इथे पैसा हात टेकतो आणि भौतिकशास्त्र सुरू होतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते पुणे सरळ रेषेत १२० किलोमीटर धरले, तर निरोप जाऊन पोच परत यायला सव्वा मिलिसेकंद. मुंबई ते चेन्नई हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे दहा मिलिसेकंद. केबल वळणावळणाने जाते, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच. ‘चेन्नईत नोंद झाल्याशिवाय कन्फर्म म्हणायचं नाही’ असं ठरवलं तर ते दहा मिलिसेकंद थेट कुलपाच्या वेळेत मिळवले जातात आणि आपण पुन्हा सेकंदाला शंभर तिकिटांवर येतो. न थांबता पुढे जायचं ठरवलं, तर मुंबई बुडाली त्या क्षणी वाटेत असलेली तिकिटं बुडाली. दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणून आपल्याकडे पुष्कळ बँका एक जोडमशीन जवळच ठेवतात, ज्याची पोच आल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि तिसरं दूरच्या, वेगळ्या भूकंपीय पट्ट्यातल्या गावी, जे दोन पावलं मागे राहिलं तरी चालतं.

त्या दोन पावलांची किंमत प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटहबने मोजली. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक दुवा ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्याला मुख्य डेटाबेस ठरवून टाकलं. दुवा परत जुळला तेव्हा पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे अशा ज्या पूर्वेला ठाऊक नव्हत्या. एकाच वहीच्या दोन खऱ्या प्रती. त्या जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

आणि दुसरं मशीन हे बॅकअप नव्हे. मुख्य मशीनवर चुकून पुसलेलं दुसऱ्यावरही इमानेइतबारे पुसलं जातं. गिटहबसारख्याच गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री दमलेल्या इंजिनिअरने दुय्यम मशीन समजून मुख्य मशीनवरचाच डेटा पुसायला घेतला. एकदोन सेकंदांत चूक ध्यानात आली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. रोजचा बॅकअप बघायला गेले तर जागा रिकामी: बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्याने तो कधीचा फसत होता आणि फसल्याची ई-मेल स्वीकारलीच जात नव्हती. हाताशी सापडली ती सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत, आणि तीही हळू डिस्कवर. ती परत आणायला अठरा तासांच्या आसपास लागले. कंपनीने हे सगळं लपवलं नाही. दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण केलं, याचं मला कौतुक आहे.

या हकिगतीतला निष्काळजीपणा सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्या हळू डिस्ककडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मशीनच्या यादीत बॅकअपची डिस्क नेहमी शेवटी आणि स्वस्तातली असते, कारण ती रोज कामाला येत नाही. पण दहा टेराबाइटचा डेटाबेस एक गिगाबिटच्या वायरीवरून परत आणायचा तर काहीही न अडखळता बावीस तास लागतात. दहा गिगाबिटवरून सव्वादोन. त्यानंतर बॅकअप घेतल्यापासूनचा लॉग पुन्हा चालवायचा. पोस्टग्रेसमध्ये हा लॉग एकच प्रोसेस ओळीने वाचते, सोळा कोअर असोत की चौसष्ट. त्यामुळे गजबजलेल्या दिवसाचा लॉग गिरवायलाच काही तास जाऊ शकतात. बॅकअप रोज घ्यायचा की दर सहा तासांनी, हे जागा किती खाईल यावरून नव्हे, तर या तासांवरून ठरतं. हा आकडा कागदावर खरा निघत नाही. त्यासाठी एखाद्या रविवारी रिकामं मशीन घ्यायचं, कालचा बॅकअप त्यावर चढवायचा, घड्याळ लावायचं आणि डेटाबेस पहिल्या प्रश्नाला उत्तर देईपर्यंत थांबायचं.